प्रवासात चांगली कॉफी: सामान, पाणी, कृती आणि चव बिघडली तर

घरची कॉफी जमते, कारण तिथे किटली ओळखीची असते, पाणी रोजचंच असतं आणि ग्राइंडर किती वळशांवर लावायचा ते हाताला पाठ असतं. प्रवासात किटली परकी, पाणी परकं, कपही परका. घरच्या स्वयंपाकघराची नक्कल करायला गेलं की इथेच फसायला होतं. कॉफीची चव पाच गोष्टींवर ठरते: बिया, दळण, प्रमाण, पाणी आणि उष्णता. पहिल्या तीन बॅगेत नेता येतात, उरलेल्या दोन तिथे मिळतील तशा घ्याव्या लागतात. म्हणून पहिल्या तिन्हींत ढिलाई करायची नाही आणि पद्धत अशी निवडायची की पाण्याचा किंवा उष्णतेचा थोडा लहरीपणा तिला चालून जाईल.

साधन कोणतं न्यायचं

कॉफी करण्याच्या बहुतेक पद्धती दोन गटांत बसतात. एकीत कॉफी पाण्यात मुरते आणि मग गाळली जाते. दुसरीत कॉफीवर पाण्याची धार सोडतात आणि ती झिरपत खाली येते. घरी दुसरी पद्धत सुरेख चालते, पण तिचा सगळा भार धारेवर असतो. हॉटेलातल्या किटलीची तोटी रुंद असते आणि पाणी भसाभस पडतं. कॉफीच्या थरात खड्डा पडतो, पाणी त्याच वाटेने निसटतं, बाकीची कॉफी कोरडीच राहते. मग एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही चवी येतात.

मुरवण्यात ही कटकट नाही. सगळं पाणी सगळ्या कॉफीला सारखंच भेटतं. जसजसा अर्क पाण्यात उतरतो तसतसा उतरण्याचा वेग आपोआप मंदावतो, त्यामुळे अर्धा मिनिट इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. शेजारच्या खोलीतल्याने दार वाजवलं तरी कप वाचतो.

मुरवण्याच्या साधनांत प्रवासासाठी एरोप्रेसला तोड नाही: नळीत कॉफी मुरवायची आणि दट्ट्याने दाबून कागदी फिल्टरमधून गाळायची. ॲलन ॲडलर या अमेरिकी संशोधकाने ते काढलं आणि २००५ मध्ये बाजारात आणलं. प्लास्टिकचं असल्याने फुटत नाही, दाबून गाळल्यामुळे चोथा घट्ट वडीसारखा एका झटक्यात निघतो, आणि कागदी फिल्टर पन्नास नेले तरी वजन जाणवत नाही. ‘गो’ हे छोटं मॉडेल स्वतःच्या मगात बसतं, पण त्यात पाणी थोडं कमी मावतं. नेहमीच्या आकाराच्या एरोप्रेसचा फायदा असा, की पोर्लेक्स मिनी किंवा वनझेडप्रेसो क्यू-टू यांसारखा बारका ग्राइंडर त्याच्या दट्ट्याच्या पोकळीत सरकवता येतो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. व्ही-सिक्स्टीशिवाय, म्हणजे धार सोडायच्या शंकूसारख्या फिल्टरशिवाय, चालतच नसेल तर प्लास्टिकचा घ्या: सिरॅमिकपेक्षा हलका असतो आणि पाण्याची उष्णताही कमी खातो. किटलीची धार आवरत नसेल तर कॉफीच्या जरा वर चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवर पाणी सोडा. फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळी दाबून चोथा खाली बसवायचा जग, न्यायचा तर स्टीलचा, काचेचा नाही. ज्या ट्रॅव्हल मगात प्रेसची जाळी असते त्यात एक खोट आहे. जाळी खाली दाबली तरी कॉफी चोथ्यावरच उभी राहते आणि शेवटचा घोट कडूजहर होतो. त्यामुळे दाबल्यावर लगेच दुसऱ्या कपात ओतून घ्या. मोका पॉटला, म्हणजे वाफेच्या दाबाने पाणी कॉफीतून वर चढवणाऱ्या भांड्याला, शेगडी लागते आणि ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापत नाही. राहण्याच्या जागी स्वयंपाकघर असेल तरच तो न्यावा.

ड्रिप बॅग, म्हणजे कपाच्या कडेला अडकवायची कागदी पिशवी, आडमुक्कामाला उत्तम. तिच्यात १० ते १२ ग्रॅम कॉफी असते, पाणी १५० ते १८० मिलीच घालायचं. मोठा मग भरेपर्यंत ओतत राहिलं की पाणचट कॉफी ठरलेली. कप बुटका असेल तर पिशवी खालच्या कॉफीत बुडते आणि झिरपणं थांबतं, तेव्हा उंच पेला शोधा.

बिया किती आणि कशा न्यायच्या

हिशोब सोपा आहे. एका कपाला १५ ग्रॅम धरा. दिवसाला दोन कप आणि मुक्काम सात दिवसांचा असेल तर २१० ग्रॅम होतात. एक-दोन कप बिघडणार हे गृहीत धरून एका माणसाला आठवड्याला २५० ग्रॅमचं पाकीट बरोबर पुरतं.

भाजणी मध्यम निवडा. हलक्या भाजणीच्या बिया कडक आणि घट्ट असतात. त्यांच्यातून अर्क उतरवायला पाणी अगदी उकळतं आणि चांगल्या प्रतीचं लागतं, आणि प्रवासात नेमकी याच दोन गोष्टींची खात्री नसते. गडद भाजणी कमी तापलेल्या पाण्यातही छान उतरते, पण तेल पृष्ठभागावर आलेलं असल्याने लवकर खवट होते. दोन-तीन दिवसांच्या सहलीला किंवा उंच डोंगरावर मात्र गडदच सोयीची.

भाजून अगदी काल-परवाच्या बियाही नकोत. त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, पाणी पडताच तो फसफसतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. भाजल्यापासून साधारण एक ते तीन आठवडे हा काळ चांगला.

निघण्याआधी घरीच वजन करून प्रत्येक कपाचा वेगळा हप्ता बांधा. छोट्या झिप पिशव्या चालतात. ५० मिलीच्या झाकणबंद प्लास्टिक नळ्या जास्त बऱ्या, कारण त्या चेपत नाहीत आणि एकीत १५ ते १८ ग्रॅम बिया मावतात. यामुळे रोज वजनकाटा काढावा लागत नाही, आणि मोठं पाकीट दिवसातून दोनदा उघडून बाकीच्या बियांना हवा लागत नाही. नळ्या बॅगेच्या मध्यभागी कपड्यांत ठेवा, गाडीच्या काचेखाली किंवा डिकीत तापत ठेवू नका. फ्रिजचीही गरज नाही. गार नळी उघडली की हवेतली वाफ बियांवर बसते.

दळण

हाताचा ग्राइंडर साधारण २५० ते ६०० ग्रॅमचा असतो. सामानातली सगळ्यात जड वस्तू बहुधा हीच, आणि न्यावी अशीही हीच. दळल्याबरोबर कॉफीचा हवेशी संपर्क कितीतरी पटींनी वाढतो आणि सुगंध पहिल्या काही तासांतच उडू लागतो.

ग्राइंडर नवा असेल तर निघण्याआधी शून्य शोधून ठेवा. पाती एकमेकांना टेकून दांडा अडेपर्यंत चाक घट्ट फिरवा, तिथून मागे येताना ‘टक्’ आवाज मोजा. एरोप्रेससाठी बारीक साखरेपेक्षा किंचित बारीक, फ्रेंच प्रेससाठी जाड रव्यासारखं, व्ही-सिक्स्टीसाठी यांच्या मधलं. आपल्या ग्राइंडरवर ते कितव्या टकवर येतं हे झाकणाला कागदाची चिकटपट्टी लावून लिहा. एका ग्राइंडरचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. सामानाच्या धक्क्यांनी चाक हलू शकतं, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर पहिल्या कपाआधी शून्यापासून पुन्हा मोजा. पहिल्याच सकाळी कॉफी अचानक आंबट किंवा कडू लागली तर बऱ्याचदा हेच कारण निघतं.

एसीच्या कोरड्या हवेत दळण स्थिर विजेमुळे भांड्याला चिकटतं आणि सगळीकडे उडतं. दळण्याआधी बियांत चमच्याच्या टोकाने पाण्याचा एक थेंब टाकून हलवा, उपद्रव थांबतो.

ग्राइंडर न्यायचाच नसेल तर निघण्याच्या आदल्या रात्री दळून, एकेक कपाच्या घट्ट पिशव्या बांधा आणि चार-पाच दिवसांत संपवा. सुगंध थोडा कमी भरेल, पण मुरवून केली तर चव तग धरते. फिरत्या पात्याच्या मिक्सरवर मात्र दळू नका. त्यात भुकटी आणि तुकडे एकत्र होतात, भुकटी कडू उतरते आणि तुकडे कच्चे राहतात.

काटा, आणि काटा नसेल तर

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, ५०० ग्रॅम क्षमतेचा खिशातला काटा मोबाइलएवढा असतो. तोही नको असेल तर कॉफीचे हप्ते घरून बांधलेले आहेतच, प्रश्न फक्त पाण्याचा. घरी एरोप्रेसच्या नळीवरच्या प्रत्येक आकड्यापर्यंत किती मिली पाणी मावतं ते एकदा मोजून ठेवा. किंवा अर्धा लिटरची पाण्याची बाटली वापरा: तिचं अर्धं पाणी किटलीत ओतलं की २५० मिली झालं. प्रमाण लक्षात ठेवायचं ते एकच, कॉफीच्या पंधरा ते सोळापट पाणी.

पाणी

कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि तरी लोक बिया बदलत बसतात. घरी मस्त लागणाऱ्या त्याच बिया दुसऱ्या गावी मचूळ लागल्या तर संशय आधी पाण्यावर घ्या.

पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चव ओढून काढायला मदत करतात, तर बायकार्बोनेट कॉफीतली आम्लता मारतं. बायकार्बोनेट जास्त झालं की कॉफी सपाट, खडूसारखी लागते. क्षार अजिबातच नसतील तर ती पोकळ आणि टोकदार आंबट होते. कॉफी व्यवसायात प्रचलित असलेल्या मानकात एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास धरले जातात, आणि ७५ ते २५० पर्यंत चालवून घेतात.

बाटलीबंद पाणी घेताना लेबल वाचा. एकूण क्षार ७५ ते १५० आणि बायकार्बोनेट ५० ते ८५ मिलिग्रॅम असेल तर डोळे मिटून घ्या. बायकार्बोनेट दोनशेच्या वर असलेलं खनिज पाणी प्यायला छान असेल, पण कॉफीचा जीव घेतं. आरओचं किंवा जवळपास क्षारहीन पाणी मिळालं तर त्यात नळाचं जड पाणी मिसळा. नळाच्या पाण्यात ४०० मिलिग्रॅम क्षार असतील तर एक भाग नळाचं आणि तीन भाग क्षारहीन घेतल्यावर मिश्रण १०० वर येतं. अर्थात नळाचं पाणी पिण्याजोगं असेल तरच.

पाणी पिण्याजोगं आहे की नाही याची शंका असेल तर नुसतं गरम करून भागत नाही. खळखळून एक मिनिट उकळा, आणि साधारण २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. उकळल्याने जंतू मरतात, क्षार किंवा विरघळलेले धातू जात नाहीत.

क्लोरीनचा वास येत असेल तर झाकण उघडं ठेवून काही मिनिटं उकळू द्या किंवा पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते असं सहज उडून जात नाही. तिथे सक्रिय कोळशाचा फिल्टर असलेली बाटली कामाला येते. ट्रेकला पाणी शुद्ध करायला क्लोरीन किंवा आयोडीनच्या गोळ्या टाकल्या असतील तर गोळीचा सांगितलेला वेळ पूर्ण झाल्यावर चिमूटभर व्हिटॅमिन सी घाला, वास आणि चव दोन्ही जातात. वेळेआधी घातलं तर गोळीचं कामच थांबेल.

किटली आणि वीज

खोलीतल्या किटलीवर विश्वास ठेवण्याआधी झाकण उघडून वास घ्या. आधीच्या पाहुण्याने तिच्यात काय उकळलं असेल याचा नेम नाही. एकदा काठोकाठ पाणी उकळून टाकून द्या. आत पांढरा थर असेल तर अर्धा लिटर पाण्यात एक चमचा सायट्रिक ॲसिड घालून उकळा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि दोनदा स्वच्छ पाणी उकळून ओता. सायट्रिक ॲसिडची छोटी पुडी बॅगेत असली की काम भागतं.

खोलीत पॉडचं, म्हणजे कॉफीच्या तयार बंद डब्यांचं, मशीन असेल तर पॉड न घालता एकदा पाणी सोडून बघा. गरम पाण्याचा स्रोत म्हणून ते चालतं, फक्त पाणी उकळत्यापेक्षा बरंच थंड येतं, तेव्हा दळण एक-दोन टक बारीक करा.

स्वतःची किटली नेणार असाल तर व्होल्टेज पाहा. जगात दोन गट आहेत, १०० ते १२७ व्होल्ट आणि २२० ते २४० व्होल्ट. प्लगचा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टची १००० वॉटची किटली ११५ व्होल्टवर लावली तर शक्ती चौथाईवर, म्हणजे २५० वॉटवर येते. तीन-चार मिनिटांत उकळणारं अर्धा लिटर पाणी मग अकरा मिनिटांहून जास्त घेतं, आणि काही किटल्यांत उकळी येतच नाही. उलट केलं, म्हणजे ११५ व्होल्टची किटली २३० वर लावली, तर ती चौपट शक्ती ओढते आणि जळते. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी, खटका असलेली प्रवासी किटली मिळते, तीच घ्या आणि दर वेळी खटका तपासा. पाण्यात बुडवायची तापती कॉईल हलकी असते खरी, पण पाण्याबाहेर चालू राहिली की आग लागायला वेळ लागत नाही.

मुख्य कृती: एरोप्रेस, एक कप

लागणारं: १४ ग्रॅम कॉफी, २१० मिली पाणी, एक फिल्टर, जाड बुडाचा मग.

१. किटलीत ३५० मिली पाणी उकळायला ठेवा. जादा पाणी भांडी तापवायला लागतं. दरम्यान कॉफी दळा.

२. फिल्टर झाकणात बसवून गरम पाण्याने भिजवा. त्याच पाण्याने मगही तापेल. गार जाड मग कॉफीची उष्णता झटकन खातो.

३. मग ठाम, कमरेएवढ्या किंवा त्याहून खालच्या टेबलावर ठेवा. त्याचं तोंड एरोप्रेसच्या कडेपेक्षा अरुंद हवं, नाहीतर नळी आत घसरेल. कागदी कप किंवा पातळ काचेवर दाबू नका, कप दबतो आणि उकळती कॉफी हातावर येते.

४. नळी मगावर उभी करा, कॉफी घाला, थर सपाट करा. मध्यम भाजणीला उकळी थांबल्यावर अर्ध्या मिनिटाने, हलक्या भाजणीला उकळताच आणि गडद भाजणीला दोन मिनिटं झाकण उघडं ठेवून मग पाणी ओता. २१० मिली पूर्ण ओता, सगळी कॉफी भिजेल असं.

५. लगेच दट्ट्या सेंटीमीटरभर आत बसवा. आत पोकळी तयार होते आणि खालचं ठिबकणं थांबतं. सुरुवातीला थोडे थेंब पडतील, चालतात.

६. दोन मिनिटं मुरू द्या. मग नळी आणि मग दोन्ही घट्ट धरून एकदा हलकेच गोल फिरवा. वर तरंगणारी कॉफी खाली बसते. आणखी अर्धा मिनिट थांबा.

७. हाताच्या वजनाने सरळ, सावकाश दाबा, तीसेक सेकंद. ‘स्स्’ असा हवेचा आवाज आला की थांबा. पुढे दाबलं की शेवटचा तुरट अंश उतरतो.

दाबताना जोर लावावा लागत असेल तर दळण फार बारीक झालंय. दट्ट्या लोण्यात सुरी जावी तसा गेला तर फार जाड.

दोघांसाठी २० ग्रॅम कॉफी जरा बारीक दळा, १५० मिली पाण्यात वरच्याप्रमाणेच करा आणि निघालेला दाट अर्क दोन कपांत वाटून प्रत्येकात ७५ मिली गरम पाणी घाला. चोथा स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून प्रत्येकी साधारण १३० मिली कॉफी होते. दोन वेळा वेगळी करण्यापेक्षा हे सुटसुटीत.

एरोप्रेस उलटा ठेवून करण्याची पद्धत बरेच जण सांगतात. घरच्या ओट्यावर ठीक आहे. हॉटेलच्या डगमगत्या टेबलावर, अर्धवट झोपेत, उकळत्या पाण्याने भरलेली नळी पालथी करण्यात शहाणपण नाही, आणि चवीत पडणारा फरक तेवढा नाहीही.

काहीच साधन नसेल तर

नुसता मग, चमचा आणि कॉफी असली तरी स्वच्छ कप होतो. व्यावसायिक चव तपासणारे असंच करतात. १५ ग्रॅम मध्यम जाड कॉफी, वर २४० मिली उकळतं पाणी. चार मिनिटं हात लावू नका. वर जाड साय धरते, ती चमच्याने तीनदा हलक्या हाताने मोडा, बरीचशी कॉफी बुडते. तरंगता फेस आणि कण दोन चमच्यांनी काढून टाका. आता आणखी पाच ते सात मिनिटं थांबा. याच टप्प्यावर सगळे घाई करतात आणि तोंडात गाळ येतो. नंतर वरवरून प्या, तळाचं बोटभर सोडून द्या.

गाडी आणि विमान

चालत्या गाडीत उकळतं पाणी ओतू नका, एवढं सोडलं तर थर्मासने बरंच काही जमतं. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग पुन्हा उकळतं पाणी काठोकाठ भरा. वर मोकळी हवा राहिली की उष्णता लवकर जाते. तयार कॉफी थर्मासमध्ये तासन्‌तास ठेवण्यापेक्षा गरम पाणी नेऊन थांब्यावर ताजी करणं केव्हाही चांगलं. गरम राहिलेली कॉफी हळूहळू कडवट आणि शिळी होत जाते.

पहाटे निघायचं असेल तर आदल्या दुपारीच कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात मुरवलेली कॉफी, लावा. अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीत ६० ग्रॅम जाड दळलेली कॉफी, हलवून फ्रिजमध्ये बारा ते सोळा तास. गाळून निघालेला अर्क तेवढ्याच पाण्याने किंवा दुधाने पातळ करा. अर्क गार ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

विमानात केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवतात, त्यामुळे पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळतं, आणि हातात येईपर्यंत आणखी निवतं. तिथे ग्राइंडर काढण्याचा उत्साह आवरा. चांगल्या प्रतीची इन्स्टंट कॉफी न्या, आधी चमचाभर गार पाण्यात कालवा आणि मग गरम पाणी घाला. गुठळ्या होत नाहीत.

सुरक्षा तपासणीत ग्राइंडर बऱ्याचदा अडतो, कारण क्ष-किरणात तो धातूचा भरीव दंडगोल दिसतो. दांडा वेगळा काढून सगळं बॅगेत वरच ठेवा. भाजलेल्या बियांना सहसा अडचण येत नाही. कच्च्या, न भाजलेल्या बियांवर मात्र अनेक ठिकाणी वनस्पती-रोगांच्या कारणाने बंधनं असतात. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत केबिन बॅगेतली पूड ३५० मिलीहून जास्त असेल तर वेगळी तपासणी होते, म्हणून दळलेली कॉफी चेक-इन सामानात टाका. कोल्ड ब्रूला केबिनमध्ये द्रवाचाच नियम लागतो. लिथियम बॅटरीचा काटा केबिनमध्ये घ्या. शेगडीचा गॅस सिलिंडर कुठल्याच बॅगेत चालत नाही, तो पोहोचल्यावर विकत घ्यावा लागतो.

डोंगरावर

उंची वाढली की पाणी लवकर उकळतं: दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने कमी. १५०० मीटरवर ९५ अंश, ३००० वर ९०, ४५०० वर ८५ च्या आसपास. कितीही वेळ खळखळ ठेवलं तरी उघड्या भांड्यातलं पाणी याच्या वर तापत नाही, गॅस तेवढा जातो. त्याऐवजी दळण दोन टक बारीक करा, मुरायला मिनिटभर जास्त द्या, भांडी आधी तापवा आणि झाकण ठेवा. भाजणी मध्यमपेक्षा गडद असेल तर काम सोपं होतं.

थंडीत गॅस रुसतो त्याचं कारण मिश्रणात असतं. साधा ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपासपर्यंत साथ देतो आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत. हिवाळ्यात आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या आणि सिलिंडर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वाऱ्याला आडोसा करताना सिलिंडर चहूबाजूंनी झाकला जाणार नाही हेही बघा, तो तापून फुटू शकतो. चोथा झाडाखाली टाकायचा नाही, पिशवीत भरून परत आणायचा.

दूध

दूध घालून प्यायची असेल तर कॉफी दाट हवी: १८ ग्रॅम कॉफी, ८० मिली पाणी, बारीक दळण, दीड मिनिट मुरवून दाबा. दूध पावडर असेल तर १०० मिली पाण्याला १३ ग्रॅम, आधी थोड्या कोमट पाण्यात गुठळी मोडून मग बाकीचं. फेसासाठी ६० अंशांच्या आसपास गरम दूध झाकणाच्या बाटलीत अर्ध्यापर्यंतच भरून जोरात हलवा. उकळतं दूध हलवलं तर झाकण उडतं.

चव बिघडली तर

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही आणि उद्या पुन्हा तेच होतं.

आंबट, पातळ, घशाखाली लगेच संपणारी चव: अर्क कमी उतरला. दळण बारीक करा, पाणी जास्त गरम घ्या, मग आधी तापवा. वेळ वाढवण्याने एरोप्रेसमध्ये फार फरक पडत नाही, दळणाने पडतो.

कडू, जीभ कोरडी करणारी: अर्क जास्त उतरला, किंवा बिया गडद आणि पाणी उकळतं. दळण जाड करा, पाणी जरा निवू द्या.

एकाच वेळी आंबट आणि कडू: दळण असमान आहे. पात्यांत जुनं दळण अडकलं असेल तर ब्रशने काढा, दांडा डगमगत असेल तर स्क्रू घट्ट करा.

सपाट, कशाचीच चव नाही: पाणी बदलून पाहा. दुसऱ्या पाण्यातही तशीच लागली तर बिया शिळ्या झाल्या आहेत, आणि त्यावर इलाज नाही.

चांगली आहे पण पाणचट: प्रमाण चुकलंय. दळणाला हात लावू नका, पाणी कमी करा.

आवरणं

चोथा बेसिनमध्ये टाकू नका, नळी तुंबते. एरोप्रेसचं झाकण काढून कचऱ्याच्या डब्यावर दट्ट्या पुढे ढकला, वडी पडते. रबरी टोक नळाखाली धुवा. ग्राइंडरला पाणी लावू नका, कोरड्या ब्रशने झाडा. कागदी फिल्टर धुऊन वाळवला तर तीन-चारदा चालतो, कागद संपत आले की हे कामाला येतं.

बॅग भरण्याआधी सगळं कोरडं पुसा, ओलं राहिलं की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. आणि दट्ट्या नळीच्या मधोमध अडकवून ठेवू नका. रबर आवळलेल्या आकारातच बसतं आणि काही महिन्यांनी कडेने गळायला लागतं. तो पूर्ण आरपार ढकलून किंवा वेगळा काढूनच भरा.